चार खणांचा डबा

सव्वीस वर्षं मधली दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसत होती, आणि सव्वीस वर्षं ती लोकांना दोनच गोष्टी सांगत आली होती. एक, "पाचच मिनिटं" आणि दुसरी, "काही दुखत नाही". दोन्ही धादांत खोट्या. पण ती ते अशा काही आवाजात सांगायची, की गाल सुजून भोपळा झालेला माणूसही मान डोलावून खुर्चीत परत बसायचा आणि समोरच्या भिंतीवरचं दाढेचं चित्र पुन्हा मुळापासून बघायला लागायचा. तिच्या डोळ्यांदेखत दवाखान्यात तीन डॉक्टर बदलले, मधली काही बदलली नाही. लग्नाचं कुणी विचारलं तर त्यालाही ती पाचच मिनिटं म्हणायची. एव्हाना लोकांनी विचारणं सोडून दिलं होतं.

मधली हे तिचं घरचं नाव. आता भावंडं चार आणि ही दुसरी, म्हणजे हिशेबानं ती मधली नव्हेच. पण नाव पडलं तेव्हा भावंडं तीनच होती. आधी थोरला, मग ही, आणि तिसरी मुलगी झाल्यावर आईबाबांनी आता पुरे असं ठरवून तिला शेंडेफळ म्हटलं. त्याचं शेंडी झालं. दोन वर्षांनी धाकटा अवतरला, आणि शेंडी त्याच्या आधीची असूनही शेंडीच राहिली. नावं एकदा तोंडात बसली की ती काढायला दातांचा डॉक्टरही उपयोगाचा नसतो.

बाबा पाणीखात्यात मीटर वाचायचे. घरोघरी जाऊन, झाकण उचलून, आकडे लिहून घ्यायचे. घरात त्यांचा एकच कायदा होता, वाटणी सारखी झाली पाहिजे. सफरचंद ते फूटपट्टी लावून कापत. एकदा कुणीतरी घरी तीन फुगे आणून दिले. तीन फुगे चौघांत वाटता येईनात, तेव्हा बाबांनी टाचणी घेऊन तिन्ही फोडले आणि शांतपणे पेपर वाचायला बसले. चारी पोरं सारखीच रडली, म्हणून त्यांना समाधान वाटलं.

चाळिशीत त्यांनी व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि आईच्या मागे लागले. आईला कॅमेऱ्याचं वावडं होतं. बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले की ती हाताला लागेल ते झाकण उचलून तोंडापुढे धरायची. बाबाही चिकाटीचे, ते झाकणाचंच शूटिंग करत बसायचे. वीस वर्षं हे चाललं. आई गेली तेव्हा घरात कपाटभर टेपा होत्या, आणि त्या सगळ्यांत पातेल्याची, कढईची, कुकरची झाकणं आणि झाकणामागून येणारा आईचा आवाज.

निवृत्त झाल्यावर बाबांनी त्या टेपा कॉम्प्युटरवर चढवायला घेतल्या. हे सगळं कायमचं कुठं ठेवायचं, म्हणून ते दुकानात गेले. दुकानदारानं त्यांना रेड नावाची सिस्टीम घ्या म्हणून सांगितलं. बाबा म्हणाले, रेड नको, भडक दिसतं, काळ्यात दाखवा. दुकानदारानं काळ्यातच दाखवली, कारण ती काळीच होती. बुटांच्या खोक्याएवढा डबा, त्याला ओळीनं चार खण, प्रत्येक खणात एक हार्ड डिस्क, आणि मागून एक वायर निघून कॉम्प्युटरला. चार खण बघितल्यावर बाबांनी पुढचं काही ऐकलंच नाही.

घरी आणून त्यांनी प्रत्येक डिस्कवर पांढरी चिठ्ठी चिकटवली आणि आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: थोरला, मधली, शेंडी, धाकटा. उतरवून झाल्यावर त्या कपाटभर टेपा रद्दी म्हणून देऊन टाकल्या. त्यानंतर चार वर्षं ते रोज दुपारी डबा चालू करून झाकणं बघायचे. मग एका सकाळी ते उठलेच नाहीत.

घर भाड्याचं होतं, रिकामं करायचं होतं. चौघं एका सकाळी जमले आणि वाटणी करून मोकळे झाले. कुठं तू तू मैं मैं नाही, की कुणाच्या कपाळाला आठी नाही. बाबांनी वळणच तसं लावलं होतं. चमचेसुद्धा चारनं भाग जाईल असेच निघाले. शेवटी टेबलावर राहिला तो काळा डबा. थोरल्यानं पहिला खण ओढला आणि चिठ्ठीवरचं आपलं नाव दोनदा वाचलं. बाबांनी जाता जाता हीसुद्धा वाटणी करून ठेवली होती. प्रत्येकानं आपापल्या नावाची डिस्क काढून घेतली, रुमालात गुंडाळली आणि घरी नेली. रिकामा डबा कुणाला नको होता. शेंडी शिवणकाम करायची, तिनं रिळं ठेवायला तो नेला.

आणि तिथंच माशी शिंकली.

थोरला अग्निशामक दलात. जळत्या घरात शिरणारा माणूस, पण कीबोर्ड दिसला की चार पावलं मागे सरायचा. आठवड्याभरात त्याचा सगळ्यांना फोन आला, की माझ्या डिस्कमध्ये काहीच नाही, बाबांनी भरलेली डिस्क धाकट्याला दिली, लहानपणापासून हेच चालत आलंय. धाकट्याचं चष्म्याचं दुकान होतं. त्यानं आपली डिस्क लावून बघितली होती आणि त्यालाही काही दिसलं नव्हतं. तो म्हणाला, डबा दादानं उघडला, आधी हात दादानं घातला, आता मलाच विचारतोय. शब्दानं शब्द वाढला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. दीड वर्ष झालं तरी बंदच होतं. शेंडीनं आपली डिस्क लावून बघितलीच नाही, ती कपड्यांच्या घडीवर वजन म्हणून ठेवली. मधलीनं एकदा लावली, तर कॉम्प्युटरनं विचारलं, ही डिस्क फॉरमॅट करायची का. नवीन पेशंटला काय काय विचारायचं हे मधलीला पाठ होतं, पण तिला कुणी प्रश्न विचारला की ती बिचकायची. तिनं वायर उपटली आणि डिस्क कपाटात ठेवून दिली. भावांच्या भांडणात ती मूग गिळून बसली.

एके दिवशी दवाखान्यात एक म्हातारी बाई आपल्या नातवाला दटावत होती. ते ऐकताना मधलीच्या मनात आलं, आपली आई कशी दटावायची. शब्द सगळे आठवले. आवाज आठवेना. तिनं रजिस्टर मिटलं, डोळे मिटले, पण आवाज काही येईना. आई गेल्यापासूनच्या अकरा वर्षांत तो कधी निसटला तेही तिला कळलं नव्हतं. त्या आवाजाचा या जगात एकच ठिकाणा होता, आणि त्याचे चार तुकडे होऊन चार घरांत पडले होते.

तिच्या सुदैवानं त्याच आठवड्यात कॉम्प्युटर दुरुस्तीवाला दाढ धरून आला. सात वर्षं येणारा जुना पेशंट, खुर्चीवर बसायच्या आधीच घाम फुटणारा. मधलीनं त्याला डब्याची हकीकत सांगितली. भरलेली डिस्क कुणाकडे असेल, एवढंच तिला हवं होतं. ऐकता ऐकता तो दाढ विसरला.

त्यानं सांगितलं, की कुणाकडेच नाही आणि सगळ्यांकडे आहे. हा डबा एक गोष्ट घेतो, तिचे तुकडे करतो आणि चारी डिस्कांवर पसरतो. वर प्रत्येकीकडे बाकीच्यांची थोडी थोडी खूणही ठेवतो. सुटी डिस्क लावली तर कॉम्प्युटरला ती कोरीच वाटणार. त्या चिठ्ठ्या वाटणीसाठी नव्हत्याच. कुठली डिस्क कुठल्या खणात जाते ते चुकू नये म्हणून लावल्या होत्या. लोक तिथं एक, दोन, तीन, चार लिहितात.

मधली म्हणाली, बाबांनी जन्मभर आकडे लिहिले होते, घरी आल्यावर ते पोरांचीच नावं लिहिणार.

"पण ताई, घाबरू नका," दुरुस्तीवाला म्हणाला. "चारातली एक गेली तरी चालतं. तीन जमवा, उघडून देतो. दोन गेल्या तर मात्र संपलं."

म्हणजे तीन पुरत होत्या. तिची स्वतःची, शेंडीची, आणि दोघा भावांपैकी जो सरळ येईल त्याची. दुसऱ्याची मनधरणी करायची गरजच नव्हती. मधलीनं काउंटरवरचं पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग संध्याकाळी तिनं तिघांनाही फोन लावले आणि आपल्या त्या ठेवणीतल्या आवाजात सांगितलं, की डबा उघडायला चारी लागतात. एकही कमी पडून चालणार नाही. रविवारी सकाळी दहाला माझ्या घरी.

शेंडी लगेच हो म्हणाली. धाकटा म्हणाला, तो येणार असेल तर मी येणार नाही. मधलीनं सांगितलं, तो नाही आला तर आईचा आवाज नाही, तू नाही आलास तरी नाही, आता तुझं तू बघ. धाकटा कुरकुरत तयार झाला. थोरल्यानं मात्र शंभर कारणं काढली. गुडघा दुखतो. रविवारी नळ दुरुस्तीला माणूस येणार. डिस्क माळ्यावर आहे. माळ्यावर चढायला शिडी नाही. जन्मभर शिडीवर चढलेला माणूस घरात शिडी नाही म्हणतो, हे मधलीला खटकलं, पण तिला तो धाकट्यावरचा राग वाटला. तिनं आपली नेहमीची पद्धत वापरली. नाही म्हणणाऱ्या पेशंटशी ती वाद घालत नसे, तारीख देत असे. गुरुवारी आठवण करून दिली, शुक्रवारी पुन्हा केली, शनिवारी वहिनीला सांगून ठेवलं.

रविवारी सगळ्यांत आधी दुरुस्तीवाला आला. आदल्याच दिवशी त्याची दाढ काढली होती आणि तोंडात कापसाचा बोळा होता, त्यामुळे बोलायचं म्हटलं तर तो हातवारे करत होता. शेंडीनं डबा आणला. रिळं काढली होती, पण तिसऱ्या खणातून निळा दोरा अजून लोंबत होता. तो तिनं दातानं तोडला. धाकट्यानं आपली डिस्क चष्मे पुसायच्या फडक्यात गुंडाळून आणली होती. दहा वाजले. सव्वादहा झाले. धाकटा म्हणाला, मला माहीतच होतं. मधली म्हणाली, पाचच मिनिटं.

साडेदहाला थोरला आला. हातात टॉवेल, टॉवेलात डिस्क. चेहरा असा, की मधलीनं अशा चेहऱ्याच्या पेशंटला आधी पाणी दिलं असतं. तो बसला नाही. दाराशीच उभा राहून शेंडीला म्हणाला, त्याला म्हणावं पंखा कमी कर. धाकटा शेंडीला म्हणाला, त्याला म्हणावं पंखा आधीच कमी आहे. शेंडीनं दोघांकडे बघितलं आणि पंखा बंद केला.

दुरुस्तीवाल्यानं चिठ्ठ्या बघून डिस्का सरकवायला घेतल्या. दुसऱ्या खणात मधली, तिसऱ्यात शेंडी, चौथ्यात धाकटा. मग पहिलीसाठी थोरल्याकडे हात पुढे केला.

"ती लावू नका," थोरला म्हणाला. "तिच्यात काही नाही. मी पुसली ती."

थोरला टॉवेलाकडे बघत सांगत गेला. घरी नेली त्याच दिवशी त्यानं डिस्क लावली होती. कॉम्प्युटरनं विचारलं, फॉरमॅट करू का. त्याला वाटलं, उघडू का असं विचारतोय. त्यानं हो म्हटलं. कॉम्प्युटरनं पुन्हा विचारलं, नक्की का. त्याला वाटलं, किती अदबीनं विचारतोय. त्यानं पुन्हा हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यानं त्याला फॉरमॅटचा अर्थ सांगितला. मग कुणी विचारायच्या आत त्यानंच धाकट्याच्या नावानं ओरडायला सुरुवात केली, म्हणजे कुणी त्याला काही विचारणार नाही.

"आठवडाभर घास उतरत नाही," तो म्हणाला. "मधलीनं सांगितलं, चारी लागतात. म्हणजे आईचा आवाज माझ्या हातानं गेला. तुम्हा सगळ्यांचा गेला."

मधलीच्या कानशिलांना चटका बसला. सव्वीस वर्षांत ती शेकडो लोकांना काही दुखत नाही म्हणाली होती, आणि आत काय होत असेल ते बघायला तिला कधी खुर्चीपाशी जावं लागलं नव्हतं. दुरुस्तीवाला तिच्याकडे बघत होता. तोंडात बोळा होता म्हणून तो गप्प होता, पण त्याच्या भुवया पार कपाळावर गेल्या होत्या.

"दादा," मधली म्हणाली, "तीन पुरतात."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं."

थोरल्याला ते नीट कळायला वेळ लागला. मग त्याचा आवाज चढला. "मग चार लागतात असं का सांगितलंस?"

"डब्याला तीन पुरतात," मधली म्हणाली. "मला चार लागतात."

तिला पुढे बरंच सांगायचं होतं. दीड वर्ष एकाच्या घरी गेल्यावर दुसऱ्याचं नाव न काढता चहा प्यायला किती त्रास होतो, ते सांगायचं होतं. पण तिचा तो ठेवणीतला आवाज नेमका अशा वेळी दगा देऊन बसला आणि ती पदरानं नाक पुसायला लागली.

"मलाही विचारलं होतं त्यानं," धाकटा एकदम म्हणाला. तो थेट थोरल्याशी बोलत होता, आणि आपण बोललो हे त्यालाही जरा उशिरानं कळलं. "फॉरमॅट करू का म्हणून. मी 'हो'वरच दाबणार होतो, दादा. चष्मा सापडत नव्हता म्हणून बोट 'नाही'वर पडलं."

शेंडी आधी हसली. चष्म्याच्या दुकानदाराला चष्मा सापडला नाही म्हणून आई वाचली, असं ती म्हणाली आणि टेबलावर डोकं टेकून हसत राहिली. मग थोरला हसला. त्याला हसायचं नव्हतं, पण घरातली ती जुनी खोड होती, एकाला उबळ आली की चौघांना यायचीच. दुरुस्तीवालाही हसला आणि लगेच गाल धरून खाली बसला.

डबा चालू केल्यावर तीन हिरवे दिवे लागले. पहिल्या खणाचा दिवा लाल लागला आणि डबा टूं टूं करत कोकलायला लागला. दुरुस्तीवाल्यानं एका कागदावर लिहून दाखवलं, की एक नाही म्हणून तो ओरडतोय, बाकी ठीक आहे. मग पडद्यावर फाइलींची यादी आली. बाबांनी नावं दिली होती: कुकर एक, कुकर दोन, कढई, मोठं पातेलं. मधलीनं मोठं पातेलं उघडायला सांगितलं.

पडद्यावर झाकण आलं. मोठं, पोचे पडलेलं, कडेला चार बोटं. त्यामागून आई म्हणाली, "बंद करा हो ते आधी." आणि आईनं सांगितल्याबरोबर शेंडीचा हात आपोआप बटणाकडे गेला. थोरल्यानं तो धरून ठेवला. पडद्याबाहेरून कुणीतरी पोर भूक लागली म्हणून ओरडलं. थोरला असावा, नाहीतर धाकटा, दोघांचाही गळा तेव्हा सारखाच होता.

"पाचच मिनिटं," झाकणामागून आई म्हणाली. "झालंच आता."

मधलीनं डोळे मिटून ऐकलं. तिला वाटलं होतं तसा तो आवाज जाड नव्हता. तो ओळखीचा होता, आठवणीतल्यापेक्षा फार जवळचा. डोळे उघडले तर तिघंही पडद्याकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते.

"ताई," धाकटा हळूच म्हणाला, "ही तूच बोलतेयस."

आपण जो आवाज शोधत होतो तोच रोज काउंटरवर बसून फुकट वाटत होतो, हे मधलीच्या ध्यानात आलं. मोठं पातेलं त्यांनी तीनदा लावलं.

मग दुरुस्तीवाल्यानं थोरल्याच्या हातातली डिस्क घेतली, उलटसुलट पाहिली आणि कागदावर लिहिलं, की ही बिघडलेली नाही, नुसती कोरी आहे, हिच्या खणात घाला, बाकीच्या तिघी हिला परत भरून काढतील. त्यांच्याकडे हिची खूण आहे. सहा तास लागतील, तेवढ्यात वीज जाऊ देऊ नका. एवढं लिहून तो घरी गेला. पैसे घेतले नाहीत. पुढच्या दाढेला लवकरची वेळ मात्र मागितली.

थोरल्यानं डिस्क स्वतःच्या हातानं पहिल्या खणात सरकवली. बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी आत गेली. टूं टूं थांबलं आणि लाल दिवा मिणमिणायला लागला. पडद्यावर आकडा आला, शंभरातला शून्य. थोरला डब्यासमोर उभाच राहिला. मग एक झाला.

शेंडीनं चहा टाकला. धाकट्यानं कुणी न सांगता पंखा लावला आणि थोरल्यासाठी खुर्ची आणली, पण त्यात थोरल्याचं लक्ष नव्हतं. आग विझली की नाही हे बघत उभा असावा तसा तो त्या दिव्याकडे बघत होता. आकडा तीनवर आला होता.

"मधले," त्यानं मान न वळवता विचारलं, "किती वेळ आहे गं अजून?"

मधलीनं पडद्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"पाचच मिनिटं," ती म्हणाली.

थोरल्यानं मान डोलावली आणि तो खुर्चीत बसला.